मोबाईलच्या भंगारातून सोनं निघतं, मग बॅटरीतलं लिथियम का हातातून निसटतं?

देशातल्या कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ बाजारात जा, एखाद्या गल्लीत मराठी बोलणारा गलाईवाला सापडण्याची शक्यता दाट आहे. आणि गाव विचारलं तर उत्तर विटा, खानापूर, आटपाडी किंवा माण-खटावकडचं येईल. सांगली-सातारा जिल्ह्यांच्या या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यानपिढ्या सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत.

गलाई म्हणजे काय? जुना दागिना मुशीत टाकायचा, टाकणखार घालून वितळवायचा. सोन्यात मुद्दाम जास्तीची चांदी मिसळायची आणि मग ते मिश्रण नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये, म्हणजे बोलीतल्या तेजाबात सोडायचं. तेजाब चांदी आणि तांबं विरघळवतं, सोन्याला हात लावत नाही. तळाशी सोनं उरतं. मग त्या पाण्यात तांब्याची पट्टी टाकली की विरघळलेली चांदी पुन्हा बाहेर येते. याच सराफ गल्ल्यांमध्ये एकेकाळी दुकानांपुढची धूळ झाडून, धुऊन त्यातले सोन्याचे कण काढणारे झारेकरीही असायचे. टाकाऊतून सोनं काढणं ही कल्पना महाराष्ट्राला अजिबात नवीन नाही.

आता दागिन्याच्या जागी मोबाईलचा हिरवा बोर्ड ठेवा. रसायनशास्त्र तेच राहतं, पण डोकेदुखी कितीतरी पटींनी वाढते. दागिन्यात दोन-तीन धातू असतात. फोनमध्ये साठेक मूलद्रव्यं असतात आणि ती प्लास्टिक, काच, रेझिन यांच्यात चिकटवून, मुलामा देऊन, कणाकणाने पसरलेली असतात.

तरीही जगभरातल्या कंपन्या आणि सरकारं या कचऱ्याच्या मागे लागली आहेत. त्याचं कारण आकड्यांत आहे.

खाणीपेक्षा भंगार श्रीमंत

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या ई-कचरा अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला. त्यातल्या धातूंची किंमत अंदाजे ९,१०० कोटी डॉलर. यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद असलेला कचरा फक्त २२.३ टक्के. बाकीचा कचऱ्याच्या डोंगरांवर, अनौपचारिक भट्ट्यांत, किंवा कपाटाच्या खालच्या खणात जुन्या चार्जरच्या वायरींसोबत पडून आहे.

भारताचा आकडा या अहवालात ४१ लाख टनांच्या आसपास दिला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२२-२३ चा आकडा मात्र साधारण १६ लाख टन आहे. यात कोणी खोटं बोलतंय असं नाही. कोणकोणत्या वस्तू ई-कचरा म्हणून मोजायच्या आणि कशा मोजायच्या, याच्या दोघांच्या पद्धती वेगळ्या आहेत.

आता सोन्याचं गणित पाहा. सोन्याच्या खाणीत एक टन दगड फोडून ५ ग्रॅम सोनं मिळालं तरी खाण चांगली समजली जाते. कर्नाटकातली कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली, कारण तीन किलोमीटरपेक्षा खोल जाऊन जे सोनं हाती येत होतं त्यातून खर्चही निघत नव्हता. याउलट बॅटऱ्या काढलेले एक टन जुने मोबाईल घेतले, म्हणजे साधारण दहा हजार नग, तर त्यात ३०० ग्रॅमच्या आसपास सोनं, साडेतीन किलो चांदी आणि १३० किलोपर्यंत तांबं असतं. नव्या फोनमध्ये कंपन्यांनी सोनं कमी केलंय, पण खाणीच्या तुलनेत भंगार अजूनही श्रीमंतच आहे.

फोनमध्ये सोनं कशासाठी, असा प्रश्न पडू शकतो. ते दिखाव्यासाठी नाही. सोनं गंजत नाही. सिमकार्डच्या पट्ट्या, कनेक्टरच्या पिना, चिपच्या आतल्या केसाहून बारीक तारा यांच्यावर गंजाचा पातळ थर चढला तरी सिग्नल अडतो. म्हणून तिथे सोन्याचा अतिपातळ मुलामा लागतो. एका फोनमध्ये ते फार तर ०.०३ ग्रॅम असतं, म्हणजे एकटा फोन फोडून कुणी श्रीमंत होणार नाही. खेळ सगळा संख्येचा आहे.

हा खेळ जपानने करून दाखवला. टोकियो ऑलिंपिकची सुमारे ५,००० पदकं जुन्या उपकरणांतल्या धातूंपासून बनवायची, असं ठरलं. एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ या दोन वर्षांत लोकांनी ७८,९८५ टन छोटी उपकरणं आणि ६२ लाखांहून जास्त मोबाईल जमा केले. त्यातून ३२ किलो सोनं, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो कांस्य मिळालं. नीरज चोप्राच्या गळ्यात पडलेलं सुवर्णपदक याच भंगारातलं. (ते आतून चांदीचं असतं, वर सोनं फक्त ६ ग्रॅम.)

सीलमपूरची भट्टी आणि अँटवर्पची भट्टी

दिल्लीतलं सीलमपूर हे देशातल्या ई-कचऱ्याच्या सगळ्यात मोठ्या बाजारांपैकी एक. मुंबईत कुर्ल्याच्या भंगार गल्ल्यांत हेच काम चालतं. पद्धत अशी. बोर्ड शेगडीवर तापवायचा म्हणजे डाग सुटतो आणि चिप्स निखळतात. चालणाऱ्या चिप्स वेगळ्या विकल्या जातात. उरलेला बोर्ड अ‍ॅसिडच्या टबात. वायरींवरचं प्लास्टिक जाळून तांबं काढायचं. बोर्ड जाळून, दळून त्याची पूड करण्याचा मोठा धंदा उत्तर प्रदेशात मुरादाबादला चालतो. तिथे रामगंगेच्या काठावर या राखेचे ढीग साचल्याचं अनेक पाहण्यांमध्ये समोर आलंय.

या कामाची किंमत माणसं फुप्फुसांनी मोजतात. डागामध्ये शिसं असतं, बोर्डच्या प्लास्टिकमध्ये ब्रोमिनयुक्त रसायनं असतात. ती कमी आचेवर जळाली की डायऑक्सिन तयार होतं, जे माहीत असलेल्या सगळ्यात विषारी पदार्थांपैकी आहे. वापरून झालेलं अ‍ॅसिड गटारात जातं.

आणि एवढं करून हाती किती लागतं? बेंगळुरूतल्या अशा अनौपचारिक कामाचा अभ्यास झाला, तेव्हा बोर्डातल्या सोन्यापैकी जेमतेम पाव हिस्सा हाती येतो असं दिसलं. बाकीचं अ‍ॅसिडबरोबर, राखेबरोबर वाहून गेलं. मोठ्या कारखान्यात हेच प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास असतं.

मग मोठा कारखाना वेगळं काय करतो? बेल्जियममध्ये अँटवर्पजवळ होबोकेन इथे युमिकोर कंपनीची भट्टी आहे, स्वीडनमध्ये बोलिडेनची, जर्मनीत ऑरुबिसची. तिथे बोर्डातलं सोनं थेट शोधत बसत नाहीत. बोर्डचे तुकडे हजार अंशांच्या वरच्या भट्टीत जातात आणि तिथे वितळलेलं तांबं त्यांची वाटच पाहत असतं. बोर्डमधलं रेझिन स्वतःच इंधन म्हणून जळतं. निघणारा धूर अतिशय तापवून मग झटकन थंड करतात, म्हणजे डायऑक्सिन टिकत नाही. सोनं, चांदी, पॅलेडियम हे धातू वितळलेल्या तांब्यात विरघळतात, मिठाने पाण्यात विरघळावं तसे. काच, सिरॅमिक, अ‍ॅल्युमिनियम वर मळीसारखे तरंगतात आणि काढून टाकले जातात.

मग या तांब्याच्या जाड पाट्या ओतून त्या मोरचुदाच्या आम्लयुक्त द्रावणात टांगतात आणि वीज सोडतात. तांबं एका पाटीवरून सुटून दुसरीकडे जाऊन बसतं, जवळजवळ शंभर टक्के शुद्ध. सोनं-चांदी मात्र या विजेला दाद देत नाहीत. पाटी झिजत जाते तसे ते खाली पडतात आणि टाकीच्या तळाशी चिखल साचतो. या व्यवसायातला सगळ्यात महागडा चिखल हाच. त्यातून मग एकेक मौल्यवान धातू वेगळा केला जातो. युमिकोर अशा कचऱ्यातून १७ धातू परत मिळवते.

भट्टी हाच एक मार्ग आहे असंही नाही. ब्रिटनची सरकारी टांकसाळ, रॉयल मिंट, हिने वेल्समध्ये २०२४ साली एक कारखाना सुरू केला. तिथे कॅनडातल्या एका कंपनीचं रसायन वापरून नेहमीच्या तापमानाला, काही मिनिटांत बोर्डवरचं सोनं विरघळवून काढलं जातं. लोक रोख पैसे वापरेनासे झाले, नाण्यांची मागणी घटली, तेव्हा टांकसाळीने शोधलेला हा जोडधंदा.

भट्टीलाही जे सापडत नाही ते

इथपर्यंत वाचून वाटेल की मोठ्या भट्ट्या बांधल्या की काम झालं. पण भट्टीचा एक स्वभाव आहे. जे धातू ऑक्सिजनशी सहज जोडले जात नाहीत तेच तिच्या हाती लागतात. सोनं, चांदी, तांबं, पॅलेडियम. ऑक्सिजन दिसला की त्याला मिठी मारणारे धातू थेट मळीत जातात. लिथियम त्यातलंच. निओडिमियमसारखे दुर्मीळ मृदा धातूही त्यातलेच.

हे निओडिमियम फोनच्या स्पीकरमध्ये, कॉम्प्युटरच्या हार्डडिस्कमध्ये आणि इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटरमध्ये चुंबक म्हणून असतं. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं. काही महिन्यांतच पुण्याच्या बजाज ऑटोला जाहीर करावं लागलं की चुंबकांअभावी इलेक्ट्रिक चेतकचं उत्पादन अडचणीत येतंय. त्याच वेळी देशभरातल्या भंगाराच्या दुकानांत जुन्या हार्डडिस्क किलोच्या भावाने फुटत होत्या आणि त्यातलं चुंबक लोखंडाच्या चुऱ्याला चिकटून पोलाद भट्टीत जात होतं. तिथून ते परत मिळत नाही.

बॅटरी: सोपी आणि अवघड

बॅटरीच्या रिसायकलिंगमध्ये भारत मागे आहे असं सरसकट म्हटलं जातं, ते अर्धवट खरं आहे. इन्व्हर्टर आणि गाडीची शिशाची बॅटरी घ्या. नवी घेताना जुनी दिली की दुकानदार पैसे कमी करतो, आणि कोणीही ती कचऱ्यात टाकत नाही. गोळा करण्याच्या बाबतीत ही व्यवस्था चोख आहे.

गडबड पुढे होते. शिसं ३२७ अंशांलाच वितळतं, त्यासाठी कारखाना लागत नाही. कढई आणि कोळसा पुरतो. त्यामुळे वस्त्यांच्या कडेला, शेतांच्या बांधावर बेकायदा भट्ट्या चालतात. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालाने सांगितलं की जगात सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण काळजी करावी एवढं आहे. त्यातली साडेसत्तावीस कोटी भारतातली. कारणं अनेक आहेत, पण शिशाच्या बॅटऱ्या उघड्यावर वितळवणं हे त्यातलं एक मोठं कारण. शिसं मुलांच्या वाढत्या मेंदूवर परिणाम करतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही.

लिथियम-आयन बॅटरी अगदी वेगळी. १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली. तिच्या आत दोन पातळ पत्रे गुंडाळलेले असतात. एक अ‍ॅल्युमिनियमचा, त्यावर लिथियमसोबत कोबाल्ट, निकेल, मँगनीज असे धातू थापलेले. दुसरा तांब्याचा, त्यावर ग्रॅफाइट. मध्ये पेट घेणारा द्रव. अशी बॅटरी थोडा जरी चार्ज शिल्लक असताना फोडली तर आग लागते आणि ती आग साध्या पाण्याच्या फवाऱ्याला सहजी ऐकत नाही.

म्हणून कारखान्यात आधी बॅटरी पूर्ण रिकामी करतात. मग पाण्याखाली किंवा नायट्रोजन भरलेल्या यंत्रात तिचा चुरा करतात. तांबं, अ‍ॅल्युमिनियम, प्लास्टिक चाळून-वाऱ्याने वेगळं होतं आणि खाली काळी पूड उरते. तिचं नावच ब्लॅक मास. किंमत आहे ती या पुडीला.

ही पूड सल्फ्युरिक अ‍ॅसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये विरघळवली जाते. ग्रॅफाइट गाळात राहतं. मग एकेक धातूला ओळखून पकडणारी रसायनं वापरून वाटण्या होतात. कोबाल्टचं द्रावण गुलाबी दिसतं, निकेलचं हिरवं. लिथियम शेवटी उरतं. त्यात सोडा अ‍ॅश घालून द्रावण तापवलं की लिथियम कार्बोनेट पांढऱ्या पुडीच्या रूपात खाली बसतं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, लिथियम कार्बोनेटचं नेमकं उलटं आहे. पाणी गरम झालं की ते कमी विरघळतं. त्यामुळे तापवणं हाच त्याला बाहेर काढण्याचा मार्ग.

तंत्र अवघड आहे पण गूढ नाही. इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाची सी-मेट ही संशोधन संस्था, जिचं एक केंद्र पुण्यात पाषाण रस्त्यावर आहे, तिच्या हैदराबाद केंद्राने अशा पद्धती विकसित करून त्या उद्योगांना दिल्या आहेत. खासगी कंपन्याही आहेत. मग घोडं अडतं कुठे?

हिशोब जुळत नाही

कोबाल्ट महाग आहे आणि जगातला बहुतांश कोबाल्ट एकट्या काँगोमधून येतो. एका मोठ्या मोबाईलच्या बॅटरीत तो दहा ग्रॅमच्या आसपास असतो, लिथियम जेमतेम दीड-दोन ग्रॅम. म्हणजे मोबाईलची बॅटरी रिसायकल करणाऱ्याचा खर्च कोबाल्ट भागवतो, लिथियम नाही.

आणि बॅटरी बनवणाऱ्या कंपन्या नेमका कोबाल्टच काढून टाकायला लागल्या आहेत. स्वस्त इलेक्ट्रिक गाड्या, ई-रिक्षा, सौरऊर्जेच्या साठवणुकीसाठी आता एलएफपी प्रकारच्या बॅटऱ्या वाढतायत. त्यात कोबाल्ट नाही, निकेल नाही. लोह आणि फॉस्फेट, म्हणजे भंगारात ज्याला भाव नाही ते. गाडी घेणाऱ्यासाठी ही बॅटरी चांगली. सुरक्षित, स्वस्त, जास्त टिकणारी. रिसायकल करणाऱ्यासाठी मात्र नारळ फोडावा आणि आत खोबरं नसावं अशी गत.

उरलं लिथियम. त्याचा भाव २०२२ च्या अखेरीस आकाशाला भिडला होता, टनाला ७०-८० हजार डॉलर. २०२४ मध्ये तो १०-१५ हजारांच्या घरात आला. तेजीच्या काळात आखलेले कारखाने मंदीत कसे चालवायचे, हा प्रश्न जगभर उभा राहिला. भारतात अनेक कारखाने ब्लॅक मासपर्यंतच काम करतात आणि पुढचं शुद्धीकरण परदेशात होतं. म्हणजे पूड आपण विकायची आणि त्यातून निघालेलं लिथियम बॅटरीच्या रूपात पुन्हा विकत घ्यायचं.

देशात लिथियमची खाण का खणत नाही? जम्मू-काश्मीरमध्ये रियासीला ५९ लाख टन साठ्याचा अंदाज २०२३ मध्ये जाहीर झाला, मोठा गाजावाजाही झाला. पण लिलावाला पुरेसे बोली लावणारेच आले नाहीत. सध्या तरी देशातली लिथियमची सगळ्यात जवळची खाण म्हणजे जुन्या बॅटऱ्यांचा ढीग.

सरकारने काय केलंय?

ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. बॅटऱ्यांसाठीचे नियम त्याआधी, ऑगस्ट २०२२ मध्ये आले. दोन्हींचा गाभा एकच: ज्याने वस्तू विकली त्याने ती परत जिरवण्याची जबाबदारी घ्यायची. यालाच ईपीआर म्हणतात. टीव्हीची कंपनी स्वतः भंगार गोळा करत फिरत नाही. नोंदणीकृत रिसायकलर धातू काढतो, त्याला प्रमाणपत्र मिळतं, ते कंपनीने विकत घ्यायचं.

कागदावर छान आहे. पण ई-कचऱ्यात ही प्रमाणपत्रं चारच धातूंवर आधारलेली आहेत: लोखंड, अ‍ॅल्युमिनियम, तांबं आणि सोनं. ज्या चुंबकांसाठी देश अडला त्यातल्या निओडिमियमला प्रमाणपत्रच नाही, तर ते वेगळं काढण्याचा खर्च रिसायकलर कशाला करेल?

दुसरा वाद दराचा. प्रमाणपत्रं मातीमोल भावात विकली जात असल्याने प्रामाणिक कारखान्याला परवडत नाही, म्हणून सरकारने किमान दर ठरवला. घरगुती इलेक्ट्रॉनिक्ससाठी किलोला २२ रुपये. सॅमसंग, एलजी, दायकिन यांसारख्या कंपन्या याविरोधात दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्यांचं म्हणणं, खर्च अनेक पटींनी वाढेल. रिसायकलर म्हणतात, इतकं मिळालं नाही तर माल सीलमपूरलाच जाणार. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण विषारी धूर कंपन्यांच्या ताळेबंदात येत नाही, हे विसरून चालणार नाही.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या भंगारावरचं आयात शुल्क काढून टाकलं गेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने अशा धातूंच्या रिसायकलिंगसाठी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. युरोपने तर कायदाच केलाय: २०२७ च्या अखेरपर्यंत जुन्या बॅटऱ्यांतलं निम्मं लिथियम आणि २०३१ पर्यंत ८० टक्के परत मिळवायलाच हवं, भाव काहीही असो.

भंगारवाला जिंकतो, कारण तो दारात येतो

या सगळ्यात एक माणूस कुठल्याच योजनेत नीट बसत नाही. हातगाडी घेऊन सोसायटीच्या दाराशी येणारा भंगारवाला. गोळा करण्यात त्याच्या तोडीचं कोणी नाही. तो वजन करतो, रोख पैसे देतो, जिने चढून वस्तू उचलून नेतो. अधिकृत केंद्र मात्र शोधावं लागतं आणि तिथे वस्तू स्वतः नेऊन द्यावी लागते, बहुतेकदा फुकट. त्याला बाजूला काढून उभी केलेली व्यवस्था माल मिळवू शकत नाही. त्याने माल गोळा करावा, सुटा करावा आणि अ‍ॅसिडचं काम कारखान्यावर सोडावं, असे प्रयोग बेंगळुरूसारख्या शहरांत झाले आहेत. ते तेव्हाच टिकतात, जेव्हा कारखाना त्याला गल्लीतल्या अ‍ॅसिडवाल्यापेक्षा दोन पैसे जास्त देतो.

खणातला जुना फोन द्यायचा असेल तर नोंदणीकृत रिसायकलरची यादी प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाइटवर मिळते आणि अनेक मोबाईल कंपन्यांची सेवा केंद्रंही जुना फोन घेतात. देण्याआधी फोन फॅक्टरी रिसेट करा, सिम आणि मेमरी कार्ड काढा. बॅटरी फुगली असेल तर ती दाबू नका, टोचू नका, चार्जला लावू नका. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात तर मुळीच टाकू नका, कारण कचऱ्याच्या गाडीतलं दाबयंत्र तिला चिरडतं. वापरात नसलेल्या साध्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावून ठेवली तर एकमेकींना टेकून ठिणगी पडत नाही.